कोजागरीला तुळजापूरला चालत का जायचं? तुमच्या घरची कथा सांगा

बाळीवेसकर

नवरात्र जवळ आलं की आमच्या घरात दोन विषय निघतात. घट कोण बसवणार आणि कोजागरीला चालत कोण कोण निघणार. सोलापुरात वाढलेल्या माणसाला दुसरा विषय समजावून सांगावा लागत नाही. आपल्या गावातल्या रूपाभवानीच्या देवळासमोर नारळ फोडायचा, तुळजापूर नाका ओलांडायचा आणि पुढचे ४५ किलोमीटर आईचं नाव घेत चालायचं.

यंदा धाकट्या भावाचं लग्न झालं. वहिनीचं माहेर नाशिककडचं, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढत ती मोठी झाली. तिनं जेवताना सरळ विचारलं, "दसऱ्यानंतर देवी पलंगावर निजते म्हणता. मग ती निजलेली असताना एवढी माणसं तिला भेटायला का निघतात? नवरात्रात जागी असते, तेव्हा का नाही चालत जात?"

आई म्हणाली, आपल्यात तसंच असतं. विषय तिथं मिटला, पण माझ्या मनातून जाईना. प्रश्न खराच आहे. तेव्हा मंडळी, तुमच्या आजी-आजोबांकडून काय ऐकलंय ते लिहा. पोथीतलं चालेल, घरातलं असेल तर जास्त चांगलं.

रंगभवन

घटस्थापनेच्या सुमारास आपल्याकडे दुपारी ऊन कसं चटकतं ते आठवा. कोजागरीपर्यंत हवा जरा बदलते आणि रात्रभर चांदणं असतं. आमचे वडील हेच कारण सांगायचे.

अक्काबाई

वहिनींना माझ्याकडून शाबासकी द्या. त्यांच्या प्रश्नातच उत्तर आहे.

तुळजापूरची मूर्ती चल आहे, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. सप्तशृंगीला देवी कड्यातच आहे, अठरा हातांची, डोंगराला धरून उभी. तिला पलंगावर कोण निजवणार? आपली भवानी मात्र सिंहासनावरून उतरते. वर्षात तिच्या तीन निद्रा असतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत घोरनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. आणि दसऱ्यापासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा.

ही श्रमनिद्रा का? नऊ दिवस महिषासुराशी युद्ध झालं, म्हणून. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होतं. मूर्तीला १०८ साड्यांचं दिंड गुंडाळतात, पालखीत बसवतात, पिंपळाच्या पाराशी नेतात. कुंकवाची उधळण इतकी होते की माणूस माणसाला ओळखत नाही. मग ती पलंगावर जाते ती पौर्णिमेच्या पहाटेपर्यंत. त्या पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते.

म्हणजे सोलापूरची माणसं निजलेल्या देवीला भेटायला जातच नाहीत. आदल्या रात्री पायी निघालेला माणूस पोचतो तो ती उठते त्या वेळेला. माझी सासू म्हणायची, युद्धाच्या वेळी सगळेच जातात, थकून उठल्यावर पहिलं तोंड आपण दाखवायचं.

मुळेगावचा

अक्काबाई, लै भारी सांगितलाव. सासूबाईंचं वाक्य तर काळजात बसलं की ओ.

एक विचारायचं होतं. पलंग दरवर्षी बाहेरून येतो म्हणतात, ते कुठून?

निनाद_को

@मुळेगावचा, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघतो आणि पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. गावोगाव मुक्काम करत दोन्ही दसऱ्याच्या वेळी तुळजापुरात पोचतात. वाटेत लोक पलंगाखालून लेकरं काढून घेतात.

बुऱ्हाणनगरची कथा मला फार आवडते. तिथल्या एका तेली भक्ताच्या घरी देवी लहान मुलगी होऊन राहिली. घरच्यांनी तिला लेकीसारखं वाढवलं. एके दिवशी ती दिसेनाशी झाली. भक्त शोधत शोधत तुळजापुरापर्यंत आला, तेव्हा तिनं दर्शन दिलं आणि त्याच्या घराण्याला पालखीचा मान दिला. म्हणून ते तिचं माहेर. सीमोल्लंघनाला तिला माहेरच्या पालखीत बसवतात, यामागं हा धागा आहे. डोंगरावरची अष्टभुजा, महिषासुराला मारणारी देवी, आणि तिला पालखी मात्र माहेरची हवी. आपल्या लोकांनी देवीला किती जवळून बघितलंय ते यात दिसतं.

नोंदवही

सगळ्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून थोडं वेगळं मांडतो. कथा सुंदर आहेत, पण हजारो माणसं एकाच दिवशी चालायला लागतात तेव्हा त्यामागं काहीतरी व्यवहारही असतो. आश्विनी पौर्णिमेपर्यंत मूग-उडीद घरात आलेला असतो आणि ज्वारीच्या पेरणीची गडबड सुरू असते किंवा उरकत आलेली असते. शेतकऱ्याला एखाद-दुसरा दिवस काढता येतो. दिवे नसलेल्या रस्त्यावर चांदणं हाच कंदील. आधी वाट पडली असेल आणि मग तिला कथा जोडली गेली असेल, असं मला वाटतं.

अक्काबाई

@नोंदवही, चांदणं दर पौर्णिमेला असतं. कार्तिकीला तर हवा आणखी थंड. मग सोलापूर कार्तिकीला का नाही निघत तुळजापूरला? सवड कधी मिळते ते शेती ठरवत असेल, दिवस देवीनं ठरवलाय.

नोंदवही

मुद्दा चांगला आहे. पण कार्तिकात सोलापूर पंढरपूरच्या वाटेवर असतं, तेही जमेस धरा.

चटणीभाकरी

दोघेही बरोबर आहात, आता भांडू नका, नाहीतर तुमच्या दोघांच्या पिशव्या मला उचलाव्या लागतील. :)

शिल्पा_पा

सोलापूरच्या पूर्वभागातून लिहितेय. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आम्ही पद्मशाली, आमचे मूळपुरुष मार्कंडेय ऋषी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो सगळ्या सोलापूरला माहीत आहे. पण तुळजाभवानीच्या मूर्तीतच मार्कंडेय ऋषी कोरलेले आहेत, हे किती जणांनी बघितलंय? एका बाजूला सिंह आहे, तिथंच पुराण सांगणारे ऋषी. दर्शनाच्या गडबडीत आणि साडी-दागिन्यांमुळे दिसत नाहीत, फोटोत नीट बघा.

माझी अम्मा यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायची. तुळजापूरला का जायचं असं विचारलं की म्हणायची, आपला तात, म्हणजे आजोबा, तिथं बसून देवीची गोष्ट सांगतोय, ऐकायला जायला नको का? आमच्या घरची कथा ती एवढीच.

निनाद_को

@शिल्पा_पा, हे अप्रतिम आहे. देवीमाहात्म्य मार्कंडेय पुराणातलंच. युद्धाची कथा ज्यानं सांगितली तो कथेच्या नायिकेशेजारी बसलाय.

हत्तूरे_वस्तीवाला

कानडी भाविकांना विसरू नका. कलबुर्गी, विजयपूर, इंडीकडची माणसं आमच्या भागातून जातात तेव्हा त्यांच्या पायात दोन-तीन दिवसांची चाल असते. आपण सोलापुरातून ताजे निघतो. गेल्या वर्षी दारात बसलेल्या एका आजोबांना पाणी दिलं. मराठी येत नव्हतं. बोट उत्तरेकडं करून "अंबाभवानी" म्हणाले आणि उठून चालायला लागले.

परडी

माझी आई आराधी आहे, म्हणजे देवीची माळ घेतलेली भक्तीण. गळ्यात माळ, हातात परडी. इथं सगळे चालण्याबद्दल लिहितायत, मी जरा घरातलं लिहिते.

आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन पाच घरी जोगवा मागतात. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. तिला कडेनं कवड्या शिवलेल्या असतात, आत हळदकुंकू आणि देवीचा टाक. जोगव्यात पीठ-मीठ येतं, त्याची भाकरी होते. आई शाळेत नोकरीला होती, पगार होता, तरी जोगवा चुकवला नाही. मागायला लाज वाटत नाही का, असं मी एकदा मोठ्या अकलेनं विचारलं होतं. म्हणाली, पाच उंबऱ्यांपुढं वाकल्याशिवाय आईपुढं ताठ उभं राहता येत नाही.

कोजागरीच्या आधी ती पोत, म्हणजे देवीपुढं पाजळायची मशाल, वळते. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या पिळायच्या, एकीवर एक घट्ट गुंडाळत जायचं, मनगटाएवढी जाडी झाली की सुतानं आवळायचं. रात्रभर तेलात ठेवायचं. सैल वळला तर भसकन पेटून लवकर संपतो, घट्ट वळला तर संथ जळत राहतो. पाजळलेला पोत हातात धरून नाचताना तेलाचे थेंब मनगटावर येतात. आईच्या उजव्या हातावर त्याचे बारीक डाग आहेत. ती ते कुणापासून लपवत नाही.

आता गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही. तिनं वळलेला पोत मी नेते.

मुळेगावचा

उदो उदो. ताई, आईला दंडवत सांगा.

अक्काबाई

@परडी, संबळावर आराध्यांची गाणी लागली की माझे पाय आजही जागेवर राहत नाहीत. आईंना नमस्कार.

घाटवाट

अवांतर आहे, पण डोंगराचा विषय निघालाच आहे म्हणून. वहिनींना सांगा, सप्तशृंगीला चढून जायचं, आपल्याकडे मात्र बालाघाटाचा घाट चढून गाव गाठल्यावर देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. महाद्वारातून खाली, वाटेत कल्लोळ आणि गोमुख तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा, मग होमकुंड. या डोंगराला पोथीत यमुनाचल म्हणतात.

मूळ कथा अनुभूतीची. कर्दम ऋषी वारले, त्यांची बायको अनुभूती सती जायला निघाली, पण पदरात तान्हं मूल. म्हणून मंदाकिनीच्या काठी तप करत राहिली. कुकुर दैत्यानं त्रास दिला, तिनं हाक मारली, देवी धावून आली. दैत्यानं रेड्याचं रूप घेतलं आणि मारला गेला. अनुभूतीनंच मग देवीला इथं राहायची विनंती केली. मला यात नेहमी एक वाटतं. राजानं हाक मारली म्हणून देवी आली नाही, एकट्या पडलेल्या विधवेसाठी आली. पुढं भोसल्यांची कुलदेवता झाली, शिवरायांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, हे सगळं आहेच. पण सुरुवात त्या बाईच्या हाकेपासून आहे.

आणि घाटशीळ बघायला विसरू नका. त्या शिळेवरून देवीनं रामाला लंकेची वाट दाखवली म्हणतात.

तेरणाकाठ

@घाटवाट, रामाची गोष्ट आमच्या येरमाळ्यातही आहे. सीतेला शोधत राम रानोमाळ फिरत होता तेव्हा पार्वतीनं सीतेचं रूप घेऊन त्याची परीक्षा बघितली. रामानं ओळखलं आणि आई म्हणून हात जोडले. शंकर तिला वेडी म्हणाले. तीच आमची येडाई, येडेश्वरी.

तीही डोंगरावर. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी खाली आमराईत येते आणि वाटेत शेतात सगळी माणसं चुन्याचे खडे वेचतात. देवळाला चुना द्यायला म्हणून सुरू झालेली रीत. कडक उन्हात वकील, डॉक्टर, सालगडी एकाच रानात वाकून खडे शोधत असतात. सोलापूरकरांनी एकदा चैत्रात या.

पार्क_मैदान

सोलापूरच्या काठ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! कोजागरीला सोलापूरहून मानाच्या काठ्या तुळजापूरला जातात आणि त्या छबिन्यात, म्हणजे देवीच्या मिरवणुकीत, मिरवतात. आपण नुसते यात्रेकरू नाही, त्या रात्रीच्या उत्सवात आपल्या गावाचा मान आहे. वहिनींच्या प्रश्नाचं मला तरी हेच मोठं उत्तर वाटतं. नवरात्र साऱ्या महाराष्ट्राचं, आश्विनी पौर्णिमा सोलापूरची.

जुळे_सोलापूर

काठ्या म्हणजे गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळच्याच का?

पार्क_मैदान

नाही हो. संक्रांतीला असतात ते सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, ते शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी जातात. या देवीच्या काठ्या, वेगळ्या.

तामलवाडीकर

मी रस्त्यावरचा माणूस, माझंही ऐका. त्या रात्री आमच्या गावात कुणी झोपत नाही. गाड्या दुसरीकडून वळवलेल्या असतात आणि रस्ता माणसांनी भरलेला असतो. एरवी ट्रकच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, त्या रात्री चपलांचा आणि अनवाणी पायांचा आवाज घरात ऐकू येतो. आम्ही चहा आणि केळी ठेवतो. मागच्या पिढीत गूळ-पाणी आणि शेंगा असायच्या.

पण एक मनापासून सांगतो. दुसऱ्या दिवशी माझ्या तुरीत आणि ज्वारीच्या ताशी ताशी प्लास्टिकचे ग्लास, थर्माकोलच्या वाट्या आणि पाण्याच्या बाटल्या असतात. वाऱ्यानं विहिरीत जातात. जनावरं तोंडात धरतात. माझ्या एका गाईचं पोट फुगलं होतं, डॉक्टर आणावा लागला. वाटप करणाऱ्या मंडळांना दरवर्षी हात जोडतो: द्रोण वापरा, आणि सकाळी दहा पोरं गोळा करायला ठेवा. देवीच्या वाटेवर वाढणं पुण्याचं असेल तर उष्टं उचलणंही पुण्याचंच आहे.

चटणीभाकरी

@तामलवाडीकर, शंभर टक्के. आमच्या गल्लीची पोरं यंदा पोती घेऊन मागून चालणार आहेत, शब्द देतो. तुमच्या शिवारात हाक मारू.

रंगभवन

+१. मी आमच्या मंडळात हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

निनाद_को

२०२० आठवलं. मार्चपासून देवळं बंद, उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. कोजागरी मधेच होऊन गेली. त्या रात्री आम्ही बाल्कनीत उभे होतो आणि रस्ता मोकळा. शेजारच्या काकांनी गच्चीवर फेऱ्या मारायला सुरुवात केली, मग आम्हीही गेलो. उजाडेपर्यंत चाललो. नोंदवही, हवा थंड होती, चांदणं होतं, पण चाललो ते त्यासाठी नाही.

नोंदवही

मान्य. माणूस रस्त्याशिवायही चालतो, हे माझ्या हिशोबात बसत नाही आणि बसायलाही नको. एक भर घालतो. नवरात्रात आपल्याकडची पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येतात, गावोगावच्या मंडळात ती ज्योत बसते. म्हणजे नवरात्रात देवी आपल्याकडे येते आणि कोजागरीला आपण तिच्याकडे जातो. वहिनींना हेही सांगा.

अक्काबाई

बघा, आता कसं गोड बोललात.

मुळेगावचा

पण निघायचं कधी, चतुर्दशीला की पौर्णिमेला? आमच्यात दरवर्षी यावरूनच वाद.

पार्क_मैदान

सिंहासनावर आलेली देवी सकाळी बघायची असेल तर आदल्या संध्याकाळी निघा. काठ्या आणि छबिना बघायचा असेल तर पौर्णिमेच्या रात्री तिथं हवं. पंचांगात तिथी कधी लागते तेही बघा, काही वर्षी पौर्णिमा दोन दिवसांत विभागते.

नाशिकची_वहिनी

नमस्कार. भाऊजींनी दुवा पाठवला म्हणून खातं उघडलं. सगळं वाचलं, परडी ताईंचं दोनदा वाचलं.

आमच्या गडावरही कोजागरीला मोठी गर्दी असते. कावडीवाले ठिकठिकाणच्या नद्यांचं पाणी पायी आणतात आणि त्या पाण्यानं आईला स्नान घालतात. तृतीयपंथी भक्तही त्या रात्री गडावर जमतात. मी तेव्हा कधी विचारलं नाही की याच रात्री का, कारण ते माझ्या घरचं होतं. तुमचं नवीन होतं म्हणून प्रश्न पडला.

अक्काबाई, आमची आई कड्यात उभी आहे, ती निजत नाही, हे वाचून पहिल्यांदा तिची दमणूक जाणवली. निजणारी देवी मला विचित्र वाटली होती. आता वाटतं, जिला भक्त पलंग देतात, तिची काळजी करायचीही मोकळीक त्यांना मिळते. मी यंदा चालणार आहे. मला कुणी तयारी सांगेल का? डोंगर चढायची सवय आहे, सपाट रस्त्याची नाही.

अक्काबाई

ये बाळा. नवी चप्पल घालू नकोस, जुनी वापरातली घाल. पायाला रात्री खोबरेल चोळून ठेव. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये पोरं पळतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. सिंदफळनंतर घाट लागतो, तिथं तूच सगळ्यांच्या पुढं असशील.

चटणीभाकरी

कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत ठेवा. वाटेत साबुदाणा खिचडी खूप मिळते, पण पहाटे तीनला भूक लागते ती खिचडीनं भागत नाही.

परडी

वहिनी, रूपाभवानीपाशी भेटा. मी पोत घेऊन असेन. धरून बघायचा असेल तर देते, फक्त बाह्या वर घ्या आणि वारा पाठीवर येईल अशा उभ्या राहा.

बाळीवेसकर

धागा इतका पुढं जाईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं: चतुर्दशीला संध्याकाळी सहाला रूपाभवानीसमोर. ज्यांना सोबत यायचं त्यांनी इथंच कळवा. तामलवाडीकर, तुमच्या दारात चहाला थांबू, पेले आमचे आम्ही घेऊन येतो.

तामलवाडीकर

या. चूल पेटलेलीच असेल. दूध जास्त घेऊन ठेवतो.